"मोती वजा": गावभागातल्या एका पेटीची तपासणी

जुना दागिना मोडायला नेला की सराफाच्या काट्यावर हटकून ऐकू येणारे दोन शब्द म्हणजे 'मोती वजा'. खडे, लाख, दोरा, मोती यांचे वजन अंदाजाने काढून टाकायचे आणि उरलेल्या सोन्याचा भाव लावायचा. सोन्यापुरता हा व्यवहार रास्तच आहे. मोती पुडीत बांधून परत मिळतात, कधी त्यांची आठवणही कोणाला राहत नाही. विटा-खानापूर भागातली गलाईवाली मंडळी देशभर सोने गाळतात, त्यांच्या हातून सोन्यातला गुंजभर खोटही सुटत नाही. पण मोती हा आगीत घालून तपासण्याचा जिन्नस नव्हे. इथे मांडलेले प्रकरण अशाच 'मोती वजा' होता होता राहिलेल्या पाच दागिन्यांचे आहे.

पेटी आणि तिच्यातला समज

सांगलीच्या गावभागातला जुना वाडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा खालच्या मजल्यावरच्या फडताळातली दागिन्यांची पेटी तिथेच राहिली आणि काही दिवस गढूळ पाण्यात होती. पूर ओसरल्यावर दागिने कपड्यांच्या साबणपावडरीत धुतले, अंगणात उन्हात वाळवले आणि जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवून दिले. पुढे सासूबाई गेल्या. वाटणीच्या वेळी दोघी जावा आणि साताऱ्याला दिलेली नणंद यांच्यासमोर पेटी उघडली गेली. आत होते ते असे: ९ मोत्यांची सोन्याच्या तारेतली नथ, पाच पदरी तन्मणी (एकूण ३३० बारीक मोती), मोत्याच्या कुड्यांचा जोड (७ आणि ७ मोती), एक चिंचपेटी, आणि ६ मि.मी. मोत्यांची दुपदरी माळ, आतल्या पदरात ६६ आणि बाहेरच्यात ७२.

घरात एक निष्कर्ष आधीच ठरलेला होता: पुरात ज्यांची साल निघाली ते खोटे, टिकले ते खरे. दुपदरी माळेचा बाहेरचा पदर लखलखीत राहिला होता, म्हणून तो खरा. आतल्या पदरातल्या पाच मोत्यांचे पापुद्रे निघाले होते, म्हणून तो खोटा. नथ पिवळट आणि निस्तेज दिसत होती, तिचे सोने मोडून तिघींत वाटायचे. शिवाय खात्रीसाठी कोणीतरी आतल्या पदरातल्या एका मोत्याला लिंबू लावून आणि चिंचपेटीतल्या एकाला काडी लावून पाहिले होते.

पापुद्र्यांवरून काढलेला हा निकाल जवळजवळ उलटा होता. तो उलटा का, हे कळायला आधी प्रश्न नीट मांडावा लागतो.

'खरा का?' या एका प्रश्नात दोन प्रश्न

पहिला प्रश्न: मोती शिंपल्यात तयार झालेला आहे, की काच, प्लास्टिक किंवा शिंपल्याच्या मण्यावर लेप देऊन केलेला? दुसरा प्रश्न: शिंपल्यात झाला असेल तर आपोआप झाला, की माणसाने शिंपल्यात बीज (मणी किंवा ऊतीचा तुकडा) घालून करवून घेतला? पहिल्याचे उत्तर घरी, दहा पटींच्या भिंगाने आणि थोड्या धीराने मिळते. दुसऱ्याचे पक्के उत्तर क्ष-किरणांशिवाय मिळत नाही. मग समोरचा सराफ तीन पिढ्यांचा का असेना.

बाजारात मात्र दोन्हींना 'खरा मोती' हाच शब्द वापरतात. कल्चर, म्हणजे असा करवून घेतलेला, मोतीही खराच असतो, शिंपल्यातलाच असतो. विकणारा खोटे बोलत नाही, ऐकणारा भलते समजतो. 'बसरा' या शब्दाचे तर पार वाटोळे झाले आहे. इराणच्या आखातातल्या शिंपल्यांचे नैसर्गिक मोती बसरा आणि बहारीनच्या वाटेने मुंबईच्या बाजारात येत, त्यांचे हे नाव. जपानी कल्चर मोत्याचा पुरवठा वाढला, पाठोपाठ १९३० च्या दशकातली मंदी आली आणि तो व्यापार बसला. आज दुकानात 'बसरा' म्हटले की बारीक, वेडावाकडा, पिवळसर दिसणारा कोणताही मोती पुढे येतो, आणि तो बहुतेक वेळा चीनमधला गोड्या पाण्याचा कल्चर मोती असतो.

आधी धुणे, मग तपासणे

पुराचा बारीक गाळ वेजात, म्हणजे मोत्याच्या भोकात, घट्ट बसला होता. वेज हीच मोत्याची सगळ्यांत बोलकी जागा असल्याने ती आधी मोकळी करावी लागली. मोती ओवलेले असतानाच पाण्यात भिजत घातले तर कुजलेले रेशीम फुगते आणि गाळ आणखी आत ढकलते. म्हणून प्रत्येक पदर पांढऱ्या कापडावर ठेवून, दोरा कात्रीने कापून, मोती त्याच क्रमाने खाचा पाडलेल्या पुठ्ठ्यावर मांडले. क्रम जपणे महत्त्वाचे, कारण दुरुस्तीच्या वेळी बदललेले मोती बहुधा एकाच ठिकाणी सलग सापडतात. त्यानंतर साधे कोमट पाणी, ओला सुती दोरा वेजातून दोन-तीनदा फिरवणे, मऊ कापड आणि सावलीत दिवसभर वाळवणे. सुईने गाळ टोकरला की वेजाच्या कडेचा कपचा उडतो आणि नेमका पुरावाच नाहीसा होतो.

दात, भिंग, वेज

धुतलेला मोती पुढच्या दाताच्या कडेवरून हलकेच फिरवायचा, चावायचा नाही. शिंपल्यातला मोती बारीक रव्यासारखा खरखरतो. मोत्याचा थर अ‍ॅरागोनाइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका खनिजाच्या) चपट्या कणांचा असतो. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका जाड, विटांसारखा एकावर एक रचलेला. त्या रचनेच्या पायऱ्या दाताला कळतात. लेपाच्या मोत्यावरून दात काचेसारखा घसरतो. दोन मोती एकमेकांवर घासले तरी हीच खरखर बोटांना लागते, आणि ३३० मोत्यांच्या तन्मणीला ही पद्धत सोयीची. चूक होते ती दोन ठिकाणी: फार घोटून चकचकीत केलेला खरा मोती गुळगुळीत लागतो, आणि लेप उडालेला नकली मोती खरखरीत. म्हणून दाताचा कौल एकट्याने घ्यायचा नाही.

भिंगाखाली पृष्ठभाग पाहताना उजेड बाजूने हवा. खऱ्यावर बोटाच्या ठशासारख्या किंवा नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या फिरत्या रेषा, बारीक खड्डे, सुरकुत्या. लेपावर अंड्याच्या टरफलासारखी एकसारखी रवाळ दाणेदारी. वेजाशी तर फरक लपतच नाही. खऱ्याची कड तीक्ष्ण, आत सरळ नळी. लेपाच्या मोत्यात कड वाटीसारखी आत वळलेली, लेपाची फाटकी किनार, आत काचेची चमक किंवा प्लास्टिकची पांढरी भिंत. मण्याचे बीज घालून केलेल्या मोत्यात वेजाच्या आत थोड्याच खोलीवर एक गडद वर्तुळरेषा दिसते. तिथे वरचा मोत्याचा थर संपतो आणि आतला मणी सुरू होतो.

दुपदरी माळ: काटाही फसतो

घरातल्या समजाला पहिला धक्का इथेच बसला. ६ मि.मी. व्यासाच्या खऱ्या मोत्याचे वजन सुमारे ०.३१ ग्रॅम भरते, कारण मोत्याची घनता २.७ च्या आसपास असते. प्लास्टिकचा तेवढाच मणी साधारण ०.१४ ग्रॅम. म्हणजे ६६ मोत्यांचा पदर खरा असेल तर २० ग्रॅमच्या पुढे, प्लास्टिकचा असेल तर ९ ग्रॅमच्या आसपास. इथे आतला पदर २०.४ ग्रॅम भरला आणि बाहेरचा ७२ मोत्यांचा २२.७. दोन्ही पदर हातात घेतल्यावर आधी गार लागतात, मग अंगाची ऊब घेतात. काट्यावर आणि हातावर दोन्ही 'खरे'.

दाताने मात्र लगेच फोड केली. बाहेरचा पदर घसरला, आतला खरखरला. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) मोजल्यावर बाहेरचे सगळे मोती ६.० मि.मी., फरक ०.०५ च्या आत, आतले ५.७ ते ६.३. वेजाशी बाहेरच्या मोत्यांवर पातळ कातड्यासारखा लेप सुटलेला दिसला, खाली शिंपल्याचाच मणी. बाजारात यालाच 'शेल पर्ल' म्हणतात: शिंपल्याचे कवच घोटून गोल मणी करायचा आणि त्यावर मोतिया रंगाचे लेप चढवायचे. मणी कॅल्शियम कार्बोनेटचाच असल्याने वजन जुळते, गारवा जुळतो, आणि लेप उडालेल्या जागी आम्लाने फेसही येतो. काटा आणि लिंबू या दोन्ही घरगुती परीक्षा तो उत्तीर्ण होतो. पुरात टिकला तो लेपाच्या चिवटपणामुळे, खरेपणामुळे नव्हे.

आतला पदर खाऱ्या पाण्यातला बीज घातलेला कल्चर मोती निघाला. काळ्या पुठ्ठ्याला ३ मि.मी. चे भोक पाडून खालून मोबाइलचा दिवा लावला आणि अंधाऱ्या खोलीत मोती त्यावर फिरवला, तर आतल्या मण्याचे पट्टे समांतर सावल्यांसारखे दिसले. थर जाड असता तर ते दिसले नसते. इथे वेजातून मोजलेला थर ०.२ ते ०.३ मि.मी. इतकाच होता. असा पातळ थर साबणपावडरीत धुऊन उन्हात वाळवला की वेजाच्या कडेपासून तडकतो आणि पापुद्रा निघतो. निघालेला पापुद्रा भिंगाखाली पाहिला की शंका राहत नाही: खऱ्याचा तुकडा कडकडीत, दोन्ही अंगांनी मोतिया चमकेचा आणि आडवा मोडला तर थराथरांचा, लेपाचा तुकडा लवचिक, वाकतो, एकाच अंगाला चकाकी.

लिंबाने मात्र कायमची खूण केली. त्या मोत्यावर मसुराएवढा पांढरट, मेलेला डाग आहे. आम्ल खऱ्या मोत्यालाच खाते आणि लेपाच्या मोत्याला बहुधा काही करत नाही, म्हणजे ही परीक्षा ज्याला वाचवायचे त्यालाच जखमी करते. काडीची, तापल्या सुईची आणि चाकूने खरवडण्याची गोष्ट त्याहून वेगळी नाही.

तन्मणी: एका पदरात तीन काळ

तन्मणीच्या ३३० मोत्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला आणि सगळ्यांत जास्त सांगितले. मोती २.५ ते ३ मि.मी., म्हणजे एकेकाचे वजन साधारण २२ ते ३८ मिलिग्रॅम. इतका बारीक दाणा दाताला लावण्यात अर्थ नाही. आधी दोन-दोन घासून खरखर पाहिली, त्यात ३८ मोती गुळगुळीत निघाले. भिंगाखाली ते काचेचे, लेप दिलेले. ३८ पैकी ३१ गोंड्याच्या बाजूला सलग होते. मानेमागे घाम, तेल आणि गाठींचा घासा; दोरा तिथेच तुटतो आणि मोती तिथेच हरवतात. कधीतरी पटवेकऱ्याकडे (दागिने ओवून-गाठवून देणाऱ्याकडे) गाठवताना हाताशी होते ते काचेचे भरले गेले असणार.

उरलेल्या २९२ मोत्यांना ०.४ मि.मी. ची तार लावली. २१४ मोत्यांत ती शिरलीच नाही, ७८ मध्ये सरळ गेली. नैसर्गिक मोती वजनावर विकला जाई, आणि तोही साधा हिशेबाने नाही. मुंबईच्या बाजारातल्या 'चव' या मापात वजनाचा वर्ग धरतात, म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्याची किंमत चौपट. वेज रुंद केला की वजन उडते आणि वजनाच्या वर्गाने पैसे उडतात. म्हणून जुने वेजारी दोन्ही अंगांनी अतिशय बारीक वेज पाडत. भिंगाखाली कधी दोन्ही वेज मध्यावर जराशा हुकून भेटलेले दिसतात. गोड्या पाण्याच्या कल्चर मोत्याला असली काटकसर करायचे कारण नसते, यंत्राने सरळ आरपार वेज पडतो.

तारेच्या या मापाला पुरावा म्हणू नये, इशारा म्हणावा. जाड दोरा घालण्यासाठी जुन्या मोत्यांचे वेज मागाहून रुंद करून घेतलेले असतात, तेव्हा रुंद वेजाचा मोती नैसर्गिक नाहीच असे म्हणता येत नाही. रंगाने थोडी मदत केली. २१४ मध्ये मलई, पिवळसर, क्वचित गुलाबी अशा छटा मिसळलेल्या. ७८ एकजात पांढरे, बरेचसे तांदळासारखे लांबट.

चिंचपेटी आणि कुड्या

चिंचपेटीला फार वेळ लागला नाही. सुईचे टोक वेजात हलके फिरवल्यावर टोकाला मेण आले. पातळ काचेचा पोकळ गोळा, आतून माशाच्या खवल्यांच्या अर्काचा लेप आणि पोटात मेण ही नकली मोत्याची जुनी युरोपीय रीत. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये ती रूढ झाली. हे मोती हलके असतात, घनता दीडच्या आसपास. काडी लावलेल्या मोत्यातले मेण वितळून पेटीत उतरले होते. पेट्या चांदीवर मुलामा दिलेल्या. दागिना म्हणून देखणा, मोती म्हणून किंमत नाही.

कुड्यांचे मोती आरपार तारेवर नसून अर्धा वेज पाडून खुंटीवर चिकटवलेले होते. असे मोती काढल्याशिवाय वेज दिसत नाही, आणि तपासणीपुरते काढणे परवडत नाही. पृष्ठभागाच्या रेषांवरून आणि दातावरून चौदाही शिंपल्यातले ठरले. पाठ चपटी, पांढरा रंग, अर्थात गोड्या पाण्याचे कल्चर असण्याचीच शक्यता. अहवालात तेवढेच लिहिले: 'शिंपल्यातले, बहुधा गोड्या पाण्याचे कल्चर, दागिन्यात बसवलेल्या अवस्थेत पाहिले.' शेवटचे चार शब्द अशा प्रत्येक पावतीवर हवेत.

नथ आणि क्ष-किरण

नथीचे नऊही मोती दाताला खरखरीत. सातांचे वेज सोन्याच्या बारीक तारेला घट्ट, दोघांचे सैल. सैल जागेत लाख भरून मोती बसवलेला. हे दोन आकाराने जास्त गोल आणि रंगाने पांढरे. पिवळटपणाचा दोष दिला जात होता तो सातांना. नैसर्गिक मोत्याला घाम, तेल, काजळ, काळ यांनी मलईचा रंग चढतो, आणि थर शाबूत असेल तर भिंगाखाली त्या पिवळटपणाच्या आत पाणी, म्हणजे आतली चमक, दिसते. इथे ते दिसत होते.

इथून पुढे सांगलीतली साधने संपतात. नथ, तन्मणीतल्या २१४ पैकी वेगवेगळ्या पदरांतून उचललेले २० मोती आणि दुपदरीच्या आतल्या पदरातला १ मोती मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत गेले. क्ष-किरणांत नैसर्गिक मोती मध्यापासून कांद्यासारखी बारीक वर्तुळे दाखवतो. बीज घातलेल्या मोत्यात मण्याची स्वच्छ गोल सीमा दिसते. गोड्या पाण्याच्या, मण्याशिवाय केवळ ऊतीचा तुकडा घालून केलेल्या मोत्यात मध्यभागी वाकडीतिकडी पोकळ रेघ असते. शिवाय गोड्या पाण्याच्या मोत्यात मँगनीज जास्त असल्याने तो क्ष-किरणांखाली उजळतो, खाऱ्या पाण्याचा नैसर्गिक मोती सहसा उजळत नाही.

निकाल: नथीतले ७ नैसर्गिक, खाऱ्या पाण्याचे, सैल वेजाचे २ गोड्या पाण्याचे कल्चर. तन्मणीच्या नमुन्यातले १९ नैसर्गिक, १ कल्चर. दुपदरीचा मोती बीज घातलेला कल्चर. तन्मणीचे उरलेले १९४ तपासलेले नाहीत, आणि नमुन्यात एक वेगळा निघाला असल्याने त्यांना सरसकट 'नैसर्गिक' म्हणता येत नाही. प्रत्येक मोत्याची फी भरणे बारीक दाण्यांना परवडत नाही, म्हणून पावतीवर 'नमुना तपासणीवरून बहुतांश नैसर्गिक' असे लिहिले गेले.

प्रमाणपत्रावर 'बसरा' हा शब्द शोधायची सवय असते. प्रयोगशाळा नैसर्गिक की कल्चर आणि खारे की गोडे पाणी हे सांगते. कुठल्या बंदरातून आला हे त्यातून आपोआप ठरत नाही. नथीच्या दांडीवर हॉलमार्क करून घेऊन खात्री होईल, असाही एक सल्ला घरात फिरत होता. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, त्यातला सहा अक्षरी-अंकी क्रमांक त्या दागिन्याची ओळख पटवतो. मोत्याशी त्याचा काही संबंध नाही.

वाटणी आणि दुरुस्ती

नथ मोडायची रद्द झाली. तिच्या दांडीला डाग (तापवून सांधा) द्यायचा होता, त्यासाठी आधी नऊही मोती तारेवरून उतरवले गेले. मोती दागिन्यात असताना डाग दिला तर उष्णतेने तो तपकिरी होतो आणि तडकतो. नंतर सोने उजळायला तेजाबात बुडवले तर उरलासुरला थरही जातो. नथीतले दोन बदली मोती नणंदेने तसेच ठेवायला सांगितले, फक्त लाखेऐवजी तेवढ्या जागी तार जाड केली.

तन्मणी पाच पदरांचा तीन पदरी झाला. तार न शिरलेल्या २१४ पैकी १९८ मोती रेशमात, ६६ चा एक पदर, असे गाठवले. उरलेले १६ वेगळ्या पुडीत, पुढच्या दुरुस्तीसाठी. त्यात प्रयोगशाळेने कल्चर ठरवलेला एक आहे, त्याच्यावर तशी चिठ्ठी. नायलॉनचा दोरा मुद्दाम टाळला. रुंद वेजाच्या ७८ मोत्यांचा धाकट्या जावेने एकपदरी सर करून घेतला. दुपदरीचा आतला पदर थोरलीकडे गेला, पापुद्रे निघालेले पाच मोती वगळून ६१ चा. लिंबाचा डाग असलेला मोती पटवेकऱ्याने फाशाजवळ, मानेमागे येईल असा ओवला. बाहेरचा शेल पर्लचा पदर नातीला वापरायला दिला आहे. काचेच्या ३८ मोत्यांतले एक पुडीत ठेवले आहे, बाकी चिंचपेटीच्या गळालेल्या जागा भरायला गेले.